सिंट-यानचे राक्षस आणि एफ्टेलिंगचा ड्रॅगन

युरोपातल्या एखाद्या शहरात दोन-तीन दिवस मुक्काम करायचा आणि त्यातलाच एक दिवस थीम पार्कला द्यायचा, हा बेत आता मराठी घरांत सर्रास ऐकू येतो. पॅरिस आणि डिस्नेलँड ही जोडी तर टूर कंपन्यांच्या पत्रकांत छापूनच येते. आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. आमच्यासाठी ही जोडी घराजवळच आहे. ट्रेननं वीस मिनिटांवर डेन बॉश हे जुनं तटबंदीचं गाव, आणि तिथून पुढे बस पकडली की काट्सहोवेलचं एफ्टेलिंग हे देशातलं सगळ्यात मोठं थीम पार्क.

माझ्या नवऱ्याची आत्या यंदा कोल्हापूरहून आमच्याकडे आली आहे. तिनं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. नवरा इंजिनिअर, आणि रोलर कोस्टर हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. शनिवार-रविवारचा बेत ठरवताना दोघांचं जे बोलणं झालं, ते इथे लिहिते आहे. असा बेत करणाऱ्या प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं हाच वाद होतो, आणि इतका नीट होतोच असं नाही.

आत्या : हा कागद कुणी लिहिला? शनिवारी एफ्टेलिंग, रविवारी पुन्हा एफ्टेलिंग. आणि डेन बॉश म्हणजे शनिवारचं रात्रीचं जेवण! अरे, चित्रकार बॉशच्या गावी मी फक्त जेवायला जायचं?

भाचा : आत्या, दोन दिवस हाताशी असले की मुलांची पळापळ होत नाही. आणि शहर कुठे पळून जातंय? सहाला पार्क बंद झालं की सातला आपण गावात.

आत्या : सातला गावात काय असतं ते सांग. सिंट-यान चर्चचं दार बंद, म्युझियम पाचला बंद, बोटी बंद, दुकानं बंद. कोल्हापुरात रात्री नऊला महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तसं इथे नाही. तुझं पार्क आणि माझं शहर, दोघांनाही दिवसाचे तेच तास हवेत. एकाला दिले की दुसऱ्याचे गेले. मग उरलेल्या वेळात शहर बघू, असं म्हणण्यात अर्थ नाही. उरत काहीच नाही.

भाचा : हे बाकी खरं आहे. मग कोपनहेगनला जाऊ. तिथे हा प्रश्नच येत नाही. टिव्होली सेंट्रल स्टेशनच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की दार. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. दिवसभर तू म्युझियममध्ये बस, दिवे लागले की आम्ही तुला बागेत घेऊन जातो.

आत्या : टिव्होली किती जुनी?

भाचा : १८४३. गेऑर्ग कार्स्टेन्सन नावाच्या माणसानं राजाकडून परवानगी मिळवून शहराच्या तटाबाहेरच्या जागेवर ती उभी केली. आतलं तळं म्हणजे जुन्या खंदकाचा उरलेला तुकडा आहे. लाकडी रोलर कोस्टर १९१४चा, आणि अजून त्याच्या प्रत्येक गाडीवर ब्रेक लावायला माणूस बसतो. डिस्नेनं कॅलिफोर्नियात पहिलं पार्क उघडलं ते १९५५ साली, आणि त्याआधी तो टिव्होली बघून गेला होता.

आत्या : मग ती बाग शहराचाच भाग झाली. तिथले लोक ऑफिसातून सुटल्यावर जात असतील, गाणं ऐकत असतील. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण शेतात कुंपण घालून उभ्या केलेल्या जागेशी आहे. सकाळी आत शिरायचं, संध्याकाळी बाहेर पडायचं, आणि आपण कुठल्या देशात आहोत हे मधल्या वेळात विसरायचं.

दोघांच्या या चार वाक्यांत मला असा बेत करणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट सापडली. युरोपातली मनोरंजनाची उद्यानं दोन जातींची आहेत. कोपनहेगनचं टिव्होली, व्हिएन्नाचं प्राटर, स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं लिसेबेर्ग ही शहराच्या पोटातली. त्यांना संध्याकाळ द्यावी, दिवस शहराला राहतो. पॅरिसपासून तीसेक किलोमीटर पूर्वेला मार्न-ला-व्हालेचं डिस्नेलँड किंवा एफ्टेलिंग ही गावाबाहेरची. त्यांना अख्खा दिवस लागतो, आणि तो आधीच वेगळा काढून ठेवावा लागतो. ‘अर्धा दिवस पार्क, अर्धा दिवस शहर’ असा बेत दुसऱ्या जातीला लावला की दोन्हीकडचा अर्धाच हाती लागतो, आणि तोही बसमध्ये पेंगत. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांनी पॅरिस असंच पाहिलं आहे.

भाचा : शेतात कुंपण म्हणतेस, ते डिस्नेबद्दल बोल. १९९२ साली ते उघडलं तेव्हा आरियान म्नूशकिन या नाट्यदिग्दर्शिकेनं त्याला ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटलं होतं. एफ्टेलिंग तसं नाही. ते काट्सहोवेलच्या लोकांनी स्वतःसाठी केलं. चपला-बुटांच्या कारखान्यांचा तो पट्टा. तिथे आधी खेळाचं मैदान आणि फिरायची बाग होती, मग १९५२ साली परीकथांचं वन उघडलं. पहिल्या वर्षी दहा कथा. म्हणजे डिस्नेच्या तीन वर्षं आधी. आजही त्याची मालकी एका संस्थेकडे आहे, शेअरवाल्यांकडे नाही.

आत्या : चपला करणाऱ्यांचं गाव म्हणतोस तर थोडी माया वाटते खरी. पण घरं खोटी, झाडांत लपवलेले लाऊडस्पीकर, आणि पुठ्ठ्याचा राक्षस. मी चाळीस मुलांच्या वर्गात पुठ्ठ्याचे राक्षस करून घेतले आहेत. त्यासाठी समुद्र ओलांडून आले नाही.

भाचा : पुठ्ठा नाही! हेच तुला सांगायचं होतं. हे सगळं ज्यानं काढलं तो आंटोन पीक, तुझ्यासारखाच चित्रकलेचा शिक्षक. आधी तो तयार नव्हता. खरा दगड, खरी वीट, खरं लाकूड वापरणार असाल तरच करतो, अशी त्याची अट होती. भिंती मुद्दाम वाकड्या, छपरांना पोक आलेला, आणि सगळं हातानं बांधलेलं. तंत्राची बाजू पीटर रेइन्डर्सनं सांभाळली. लांगनेक नावाचा एक आहे तिथे, बसल्या बसल्या त्याची मान वर वर जाते आणि तो झाडांवरून बघतो. पहिल्या वर्षापासून आहे तो.

आत्या : शिक्षक होता? कुठे?

भाचा : हार्लेमजवळच्या एका शाळेत. कितीतरी वर्षं.

आत्या : मग त्याला आकार समजत असणार. वर्गावर शिकवणाऱ्याची रेघ वेगळी असते, मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसली पाहिजे ना. बरं, पुढे बोल.

भाचा : आता मी विचारतो. डेन बॉशमध्ये तू काय बघणार? ‘ऐहिक सुखांची बाग’ माद्रिदला, प्रादोमध्ये. सेंट अँथनी लिस्बनला. ‘अंतिम निवाडा’ व्हिएन्नाला. गावातल्या बॉश आर्ट सेंटरमध्ये सगळी चित्रं आहेत, पण छापलेली. म्हणजे तुझ्या खऱ्या शहरात प्रतिकृती, आणि माझ्या खोट्या बागेत पीकच्या हातची मूळ कामं! खरं कुठे आणि खोटं कुठे, तूच ठरव.

इथे आत्या बराच वेळ बोलली नाही. मुद्दा खरोखर बिनतोड होता, आणि मला वाटतं तिला तो आवडलाही.

आत्या : चित्रं बघायला मी डेन बॉशला जात नाही. चित्रं मी शाळेच्या एका जुन्या पुस्तकात पाहिली आहेत, तळहाताएवढी, रंग विटलेले. मुलं ते पुस्तक सोडायची नाहीत. माशाच्या तोंडातून बाहेर येणारा माणूस, अंड्यासारखं पोकळ शरीर, पाठीवर शिडी. मुलं विचारायची, बाई, ह्याला हे सुचलं कुठून? तेवढं बघायला मला तिथे जायचं आहे. मूळचं नाव येरोनिमस फान आकेन, पण सही करताना गावाचं नाव घेतलं. बाजारचौकात राहायचा. १४६३ मध्ये त्या गावाला मोठी आग लागली, तेव्हा तो पोरसवदा असेल. पुढे त्याच्या चित्रांत मागे कुठेतरी सतत एक गाव जळत असतं. त्या चौकात उभं राहिल्यावर ते मला जसं कळेल, तसं माद्रिदच्या म्युझियममध्ये कळणार नाही.

भाचा : आणि चर्च?

आत्या : चर्चचं बांधकाम तो जिवंत असेपर्यंत चालूच होतं. बाहेरच्या कमानींवर शहाण्णव पुतळे आहेत, घोड्यावर बसावं तसे कमानीवर मांड ठोकून बसलेले, एकामागे एक वर सरकणारे. कारागीर, वादक, जनावरं, राक्षस. एवढ्या उंचीवर, खालून नीट दिसतही नाहीत. कुणी बघणार नाही हे माहीत असून कुणीतरी छिन्नी चालवली. तुझ्या पार्कात असं एक तरी काम दाखव, जे बघणाऱ्यासाठी केलेलं नाही.

भाचा : नाही दाखवता येणार. तिथे सगळं बघणाऱ्यासाठीच आहे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. आपण येणार हे कुणीतरी आधी मनात आणलं, पाच वर्षांच्या मुलाचे डोळे किती उंचीवर असतात हे मोजलं, त्याला रांगेत कंटाळा कधी येईल याचा विचार केला. शहर माझ्या धाकट्याचा विचार करत नाही. तिथे त्याला ‘हात लावू नकोस, ओरडू नकोस, चल, थांब’ एवढंच ऐकू येतं. एफ्टेलिंगमध्ये तोंड उघडून बसलेले जाडे पुतळे आहेत, खाइस नावाचे. ते कागद मागतात. मुलं कागदाचे कपटे शोधून आणून त्यांच्या तोंडाशी धरतात, ते ओढून घेतात आणि आभार मानतात. १९५९ पासून चाललंय. कचरा उचल म्हणून मी घरी दिवसातून दहादा सांगतो.

आत्या : ते छान आहे. पण बाळा, ज्याला सगळं त्याच्या उंचीवर आणून दिलं, तो मान वर करायला कधी शिकणार?

भाचा : तूच आम्हाला चैत्रात जोतिबाला न्यायचीस. सासनकाठ्या, गुलाल, दर्शनाची रांग, आणि मग खाली उतरून पाळणा आणि भेळ. तेव्हा तू कधी म्हणाली नाहीस की देव खरा आणि पाळणा खोटा. आम्हाला दोन्ही मिळून एकच दिवस आठवतो.

आत्या : म्हणाले नाही, कारण पाळणा देवाच्या पायथ्याशी होता. मध्ये कुंपण नव्हतं. पाळण्यात बसून वर गेलं की डोंगर दिसायचा. आणि पाळण्याला पैसे दिले म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलं पाहिजे, असं कुणाला वाटत नव्हतं. सकाळी एवढं मोठं तिकीट काढलं की ते वसूल करण्यात दिवस जातो. माणूस बघत नाही, उरकत जातो.

भाचा : जोतिबासारखं इथे युरोपातही होतं की. कोपनहेगनजवळच बाकेन आहे, जंगलात, १५८३ पासूनचं. जगातलं सगळ्यात जुनं मानतात. सुरुवात एका झऱ्यापासून. झऱ्याच्या पाण्यानं आजार बरे होतात म्हणून लोक जायचे, मग विकणारे आले, मग डोंबारी, मग पाळणे. अजूनही आत जायला पैसे नाहीत, खेळाचे तेवढे द्यायचे.

आत्या : बघ, म्हणजे तिथेही आधी झरा!

मी इथे बोलले, आणि जे बोलले ते अजून माझं ठाम मत आहे. दोघंही एक वाटणी गृहीत धरून बोलत होते: शहर मोठ्यांचं, पार्क मुलांचं. या वाटणीमुळेच असे बेत फसतात. मग पार्क मुलांना द्यायची लाच होते. चर्चमध्ये शांत राहा, उद्या ड्रॅगन दाखवीन. असं एकदा म्हटलं की चर्च ही शिक्षा असते हे आपणच मुलांना शिकवलं. आणि पार्कात मोठी माणसं बाकावर पिशव्या सांभाळत, फोन बघत बसतात, कारण तो त्यांचा दिवस नसतोच. एका दिवसाला मुलं कंटाळलेली आणि दुसऱ्या दिवसाला मोठी, अशी सहल करून घरी परत यायचं. माझं म्हणणं एवढंच होतं की आत्यानं पार्क बघावं, म्हणजे शहाण्णव पुतळे बघते त्याच डोळ्यांनी बघावं, आणि मुलांना सिंट-यान पूर्ण द्यावं, दुर्बीण हातात देऊन.

भाचा : दुर्बीण चांगली आहे. आणि त्यांना तो मोबाइलवाला देवदूत शोधू दे.

आत्या : कसला?

भाचा : चर्चवर २०११ मध्ये नवे देवदूत बसवले, टॉन मोय या शिल्पकाराचे. त्यातला एक जीन्स घालून उभा आहे, हातात मोबाइल.

आत्या : चर्चनं हे चालवून घेतलं? मग गाव जिवंत आहे! मधल्या काळात नुसतं जपत बसले असते तर असं काही झालं नसतं. तिथल्या त्या पाण्याच्या गल्ल्यांचंही तसंच ना? घरांच्या खालून वाहणाऱ्या?

भाचा : बिनेनडीझे. तटाच्या आत जागा कमी, म्हणून लोकांनी ओढ्यावरच घरं बांधली. पुढे त्याचं गटार झालं, बुजवून टाकायचंही चाललं होतं. मग वाचवलं, साफ केलं, आता होडीतून घरांच्या पोटाखालून नेतात. अंधारा बोगदा, पाणी, वरून आवाज. आत्या, मुलांना ही राइडच वाटणार.

आत्या : वाटू दे. मलाही वाटेल.

भाचा : मग तू माझ्याबरोबर व्हिला व्होल्टामध्ये चल. उलटं व्हायचं नाही, आधीच सांगतो. लांबलचक बाकांवर बसवतात, आणि सगळा दिवाणखाना तुझ्याभोवती गोल फिरतो. छत खाली, जमीन वर. बाक जेमतेम झुलतो. पण डोळ्यांना वाटतं आपण उलटे लटकलोय, आणि लोक घट्ट धरून बसतात. गोष्ट इथलीच, बोकडांवर बसून उडणाऱ्या दरोडेखोरांची. ब्राबांट-लिंबुर्गच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची.

आत्या : खोली फिरते? भिंती, खिडक्या, सगळं? म्हणजे डोळा सांगतो आणि पोट विश्वास ठेवतं. चित्रात आम्ही तेच करायचा प्रयत्न करतो, सपाट कागदावर. हे मला बघायचं आहे. पण एकदाच. आणि ते ‘भारतीय पाणलिली’ की काय, तेही बघायचं आहे.

भाचा : ते? १९६६चं आहे. बेल्जियमच्या राणी फाबिओलानं लिहिलेल्या गोष्टीवरचं. चेटकीण, नाचणाऱ्या अप्सरा, वाद्यं वाजवणारे बेडूक. मला वाटलं होतं तू रागावशील. त्यात भारत असा काही नाहीच.

आत्या : रागावू कशाला? लांबून कुणी आपल्याबद्दल स्वप्न पाहिलं, ते कसं दिसलं हे कळायला नको? फक्त मुलं माझ्या शेजारी बसली पाहिजेत. त्यांनी रंकाळ्यातली कमळं पाहिली आहेत. हे तिकडचं नाही, हे इथल्या एका बाईच्या मनातलं आहे, हे त्यांना तिथल्या तिथे सांगायचं आहे मला. नाहीतर उद्या शाळेत जाऊन सांगतील, आमच्या देशात बेडूक बासरी वाजवतात.

मग प्रश्न उरला दिवसांचा. शाळा बुडवून मुलांना मधल्या वारी नेणं इथे चालत नाही, दंड होतो. त्यामुळे शनिवार-रविवारच. शनिवारी डेन बॉशच्या चौकात बाजार भरतो, म्हणून शनिवार गावाला. मुक्काम डेन बॉशमध्येच, म्हणजे संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर रिकाम्या चौकात मुलं पळू शकतील. रविवार सकाळपासून पार्कला. दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाचा हट्ट नवऱ्यानं सोडला. आत्यानं पार्कनंतर अँटवर्पला जायचं मनातून काढून टाकलं, म्हणजे तसं म्हणाली तरी.

आधी शहर, मग पार्क, हा क्रम मला एका कारणासाठी फार महत्त्वाचा वाटतो. उलट केलं तर मुलं चर्चमध्ये वेग शोधतात आणि त्यांना तो सापडत नाही. पण आधी वर टकमक बघून एकेक राक्षस शोधलेली मुलं पार्कात गेली, तर ड्रॅगनच्या अंगावरचे खवलेही नीट बघतात. नवऱ्याला हे पटलेलं नाही. त्याच्या मते पार्कातून आलेलं मूल चर्चमध्येही ड्रॅगनच शोधतं, आणि शोधायला लागलं हेच पुरे. त्याचं चुकतं आहे असं मी म्हणणार नाही, पण बेत मी म्हणते तसाच झाला आहे.

भाचा : दार उघडल्या उघडल्या आपण थेट ड्रॅगनकडे. योरिस आणि ड्रॅगन. दोन लाकडी रूळ, दोन गाड्यांची शर्यत. सकाळी रांग छोटी असते, अकरानंतर विचारू नकोस.

आत्या : सकाळचा तिरपा उजेड झाडांतून येतो तेव्हा ते परीकथांचं वन बघायचं. दुपारी सावल्या सपाट होतात. आणि पीकनं वाकड्या भिंती काढल्या त्या उजेड-सावलीसाठीच, हे मी बघितल्याशिवाय सांगते.

भाचा : आत्या, रांगेचं गणित आहे ते.

आत्या : आणि हे उजेडाचं आहे. तू थोरलीला घेऊन ड्रॅगनकडे जा, धाकट्याला उंची पुरणार की नाही कुणास ठाऊक, तो माझ्याबरोबर वनात येईल. स्केचबुक घेऊन येते, त्यालाही एक वही दे. बारा वाजता पाणलिलींपाशी भेटायचं, आणि तिथे कुणी घाई करायची नाही.

भाचा : साडेअकरा. बाराला तिथेही रांग लागते.